लेबर रूममधली सोबतीण

आमच्या प्रसूतिगृहात बाई कळा द्यायला आत गेली की तिची माणसं दाराबाहेर राहायची. मी नोकरीला लागले तेव्हाही असंच होतं आणि इन्चार्ज सिस्टर झाले तेव्हाही. कारण कधी कुणी विचारलं नाही. आई, सासू, नणंद बाहेर बसायच्या, आतून ओरडणं ऐकू आलं की उठून दाराच्या काचेला डोळा लावायच्या, आणि आम्ही आतून पडदा ओढून घ्यायचो.

मग आमच्या डॉक्टर मॅडम कुठल्याशा परिषदेला जाऊन आल्या आणि सकाळच्या मीटिंगमध्ये म्हणाल्या, "यापुढे प्रत्येक बाईबरोबर तिच्या घरची एक बाई आत राहील. बाळ होईपर्यंत. सिस्टर, हे तुम्ही बसवायचं." एवढं बोलून त्या राउंडला गेल्या आणि सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या.

एक तरुण सिस्टर म्हणाली, "मोबाइलवर व्हिडिओ काढतील." दुसरी म्हणाली, "काही कमीजास्त झालं तर तिथल्या तिथे आपल्या अंगावर येतील." तिला पूर्वी एकदा एका नातेवाइकाने ढकललं होतं, त्यामुळे तिचं बोलणं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. मावशी मात्र उठल्या, बादली उचलली आणि निघून गेल्या. मावशी म्हणजे आमच्याकडच्या सगळ्यात जुन्या आयाबाई, गव्हाण गावच्या. माझ्याही आधीपासून त्या इथे आहेत.

मला स्वतःला हे अर्धंमुर्धं पटलं होतं. माझं पहिलं बाळंतपण याच लेबर रूममध्ये झालं. सगळ्या ओळखीच्या, रोज डबा वाटून खाणाऱ्या सिस्टर भोवती होत्या. तरी एका क्षणी मी आईला हाक मारली, आणि आई दाराबाहेर होती. ते मी कधी कुणाला बोलले नव्हते. त्यामुळे मॅडमना नाही म्हणणं मला जमलं नाही.

पहिली अडचण पडद्यांची होती. खोलीत दोन टेबलं, मधे आडोसा नाही. बाजारातल्या शिंप्याकडून जाड कापडाचे पडदे शिवून घेतले. सोबतीला येणाऱ्या बाईसाठी वेगळा हिरवा गाऊन ठरवला, मोबाइल बाहेर ठेवायचा असं ठरलं. तपासणीला येणाऱ्या बायकांना आधीच विचारायला लागलो, "तुमच्याबरोबर आत कोण हवं?" काही जणी आईचं नाव घ्यायच्या. काही जणी सासूसमोर गप्प बसायच्या आणि वजन करायला आत आल्या की हळूच सांगायच्या, "आईच हवी, पण तसं मी म्हटलं असं सांगू नका."

पहिली सोबतीण उलव्याकडच्या एका गावातली सासू निघाली. धिप्पाड बाई, आवाज खणखणीत. गाऊन घालून आत आली आणि आल्या आल्या आमच्या तरुण सिस्टरला म्हणाली, "पोरीचा घसा सुकलाय. पानी दे तिला."

सिस्टर म्हणाली, "देऊ आम्ही. तुम्ही मधे बोलू नका."

"आमची पोर हाय ती. मी नाय बोलणार तर कोन बोलंल?"

सिस्टरचा चेहरा पडला. खरं तर पाणी द्यायला काहीच हरकत नव्हती, पण सगळ्यांसमोर कुणी सांगावं हे तिला लागलं. मी पाणी आणून दिलं. सासूने सुनेचं डोकं उचलून घोट घोट पाजलं, पदराने तोंड पुसलं. मुलगी झाली तेव्हा ती बाई एवढी रडली, की सुनेनेच तिला गप्प केलं. मला वाटलं, बसलं हे आता.

तसं झालं नाही. मी नात्यातल्या एका लग्नाला म्हणून रजेवर गेले आणि परत आले तर सगळ्या नातेवाईक बायका पुन्हा बाहेर. हिरवे गाऊन घडी घालून कपाटात. "गर्दी होती," एकीने सांगितलं. "सोबतीला आलेली बाई घाबरट होती," दुसरीने. मी चिडले नाही असं नाही. मॅडमकडे जाऊन तक्रार करायचंही मनात आलं. पण मॅडमनी हुकूम काढला असता आणि माझ्या पुढच्या सुट्टीला गाऊन पुन्हा कपाटात गेले असते.

म्हणून एकेकीशी बोलायचं ठरवलं. ढकलली गेलेली सिस्टर म्हणाली, दाराशी एक वॉचमन असेल तर तिची हरकत नाही. तो मिळाला. तरुण सिस्टर म्हणाली, "नातेवाइकांना आधी सांगा, आम्हालाही कामं असतात." तेही रास्त होतं. उरल्या मावशी. आणि गाऊन कपाटात त्यांनीच ठेवले होते, हे मला कळलं होतं.

दुपारी कामं उरकल्यावर मी चहा घेऊन त्यांच्याकडे गेले. त्या मागच्या पायरीवर बसून हातमोजे वाळत घालत होत्या.

"मावशी, तुम्हाला हे पटलेलं नाही ना?"

"माझ्या पटण्याचं काय हाय ताई. मॅडमनी सांगितलंय ना."

"तरी सांगा."

त्यांनी हातमोज्याची बोटं सरळ केली. मग म्हणाल्या, "बाईला कळ आली की ती कुनाचा तरी हात शोधते. डॉक्टर, तुमी, सगळे पायाकडं असता. उशाशी मीच असते. एवढी वर्सं मीच होते. कुनी मला आई म्हनायची, कुनी शिव्या द्यायची. आता ती घरची बाई येऊन तिथं उभी ऱ्हाते आनि मी पोतेरं घेऊन कोपऱ्यात. मग मी काय करू तिथं?"

फरशी पुसायची, कपडे बदलायचे, सामान आणायचं, अशी त्यांची कामं मला पाठ होती. उशाशी उभं राहणं हे काम म्हणून कधी कुणी सांगितलंच नव्हतं, त्यामुळे ते काढून घेताना कुणाच्या लक्षातही आलं नाही. मी एवढंच म्हणाले, "मावशी, हे माझ्या डोक्यात आलंच नाही." त्यांनी चहा घेतला. आम्ही दोघी तिथेच बसून राहिलो.

त्यानंतर लवकरच एक दिवस कळंबोलीहून एक मुलगी रिक्षाने एकटीच आली. उत्तरेकडची होती. नवरा ट्रेलरचा ड्रायव्हर, गाडी घेऊन लांब गेलेला, आईवडील गावी. शेजारीण दारापर्यंत सोडून कामावर गेली. कळा सुरू झाल्या होत्या. सिस्टरने सवयीने विचारलं, "साथ में कौन है?" ती म्हणाली, "कोई नहीं," आणि तोंड फिरवलं. पलीकडच्या टेबलावर दुसरी बाई होती, तिची आई तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. मधल्या पडद्यातून तिचा समजावण्याचा आवाज येत होता.

मी कपाटातला हिरवा गाऊन काढला आणि मावशींपुढे धरला.

"आज साफसफाई दुसऱ्या आया बघतील. तुम्ही हिच्या सोबतीण."

"मी कशी? मी स्टाफ हाय."

"आज नाही."

त्यांनी गाऊन उलटसुलट करून पाहिला, मग घातला. सोबतिणीला आम्ही एक स्टूल देत असू, ते मी पुढे सरकवलं. मावशी त्यावर बसायला तयार होईनात. लेबर रूममध्ये आयाबाईने बसायचं नसतं, हे त्यांच्या अंगात भिनलेलं. मुलीला कळ आली, तिने मावशींचा दंड पकडून खाली ओढलं आणि त्या आपोआप बसल्या.

मुलीला मराठी येत नव्हतं, मावशींचं हिंदी म्हणजे मराठीच. "रो मत बेटी, मी हाय ना इधर," असं चाललं होतं. त्यांनी तिचे केस सोडून परत वेणी घातली. पहिलटकरीण होती, वेळ लागत होता. मधे एकदा मावशी उठून म्हणाल्या, "सिस्टर, बघा ना जरा, पोरीला लय त्रास होतोय." तरुण सिस्टर दुसऱ्या टेबलावर गुंतली होती. मान न वळवताच म्हणाली, "बसा हो गप्प. सगळ्यांनाच होतो."

मावशी बसल्या. मी पाहिलं, "मधे बोलू नका" ऐकल्यावर त्या खणखणीत आवाजाच्या सासूचा झाला होता, तसाच त्यांचा चेहरा झाला होता.

ऊन कलल्यावर मुलगा झाला. मुलीने त्याला पाहिलं, मग मावशींच्या खांद्यावर कपाळ टेकलं. मावशी हलल्या नाहीत. वार पडेपर्यंत, टाके होईपर्यंत तशाच अवघडून बसल्या.

नंतर गाऊन काढताना त्या मला म्हणाल्या, "ताई, आपन लय तोडून बोलतो."

"कुणाला?"

"सगळ्यांना. मीपन बोललेय. त्या गाऊनात बसलं की कानाला लागतं." आणि लगेच, "त्या सिस्टरला काय बोलू नका. तिचा जीव दुसऱ्या बाईत अडकलेला."

मी नाही बोलले. मावशीच बोलल्या, आपल्या पद्धतीने, डबा खाताना, हसत हसत. तरुण सिस्टर आधी लाल झाली, मग तिने आपल्या डब्यातलं कालवण त्यांच्या ताटात वाढलं.

पुढे गाऊन कपाटात गेले नाहीत. आता मावशीच दाराशी जाऊन बाहेरच्या बायकांकडे बघून विचारतात, "पोरीची कोन? चला आत." आत नेताना त्या बाईला सांगतात, पाठीवर हात कुठे फिरवायचा, सिस्टर ओरडली तर मनाला लावून घ्यायचं नाही, आणि चक्कर आली तर लपवायचं नाही. एखादी एकटी आली तर कुणी सांगण्याआधी स्वतःच गाऊन घालतात. आम्ही सिस्टरही आळीपाळीने घालतो. उशाशी उभं राहायला कुणी ना कुणी सवड काढायचीच, ही आता ठरलेली गोष्ट झाली आहे. सगळं सुरळीत आहे असं नाही. कधी सासू आणि आईत आत कोण जाणार यावरून भांडण होतं, कधी कुणी लपवून मोबाइल आणतं.

ती कळंबोलीची मुलगी लसीकरणाला आली तेव्हा नवरा बरोबर होता. तो मावशींच्या पाया पडायला वाकला, मावशी संकोचून मागे सरल्या आणि भिंतीला टेकल्या. बाळाला मात्र त्यांनी बराच वेळ खाली ठेवलं नाही.

परवा मॅडमनी मीटिंगमध्ये नवीन विषय काढला. बाईची इच्छा असेल तर नवऱ्यालाही आत राहू द्यावं, असं त्यांच्या मनात आहे. यावेळी मावशी बादली घेऊन उठल्या नाहीत. बसल्या जागेवरून स्पष्ट म्हणाल्या, "मॅडम, हे नाय पटत मला."

"का बरं?" मॅडमनी विचारलं, आणि पेन खाली ठेवून ऐकायला बसल्या.