अध्यक्षांची घागर आणि आमचं चुंबक

जिल्ह्याचे दोन तुकडे झाले तेव्हा आमच्या समाजाच्या जिल्हाध्यक्षांच्या वाट्याला अर्धाच जिल्हा उरला. ही तूट त्यांनी लेटरहेडवरची नावाची अक्षरं मोठी करून भरून काढली.

मी तेव्हा पवनीत एका वाचनालयात अर्धवेळ कामाला होतो. वाचायला भरपूर मिळे, पगार अधूनमधून. घरचा हातमाग बंद पडलेला. म्हणून मी आणि माझा भाटवा, म्हणजे बहिणीचा नवरा, सुटीच्या दिवशी सायकलींवर गावोगाव भंगार गोळा करायचो आणि वरठीकडच्या व्यापाऱ्याला विकायचो. माल ठेवायला जागा एकच, समाजभवनामागचं आवार. पवनीच्या गल्ल्यांत कुणी आपल्या दारापुढे भंगार ठेवू देत नाही. आवार अध्यक्षांच्या मर्जीवर होतं. ती मर्जी गेली की धंदा संपला.

अध्यक्षांची ख्याती लग्नातल्या आहेराची. समाजात लग्न कुठंही असो, त्यांच्याकडून पितळी घागर यायची. तिच्यावर त्यांचं नाव, हुद्दा आणि 'सप्रेम भेट' कोरलेलं. नवरा-नवरीची नावं खाली, उरलेल्या जागेत. घागरीची घोषणा माइकवरून मंगलाष्टकांच्या आधी व्हायची.

एकदा आसगावात एका बाईंनी ती घागर भंगारात काढली. पितळ म्हणून मी हरखलो. भाटव्याने सवयीने चुंबक लावलं, ते टक्कन चिकटलं. पितळेला चुंबक चिकटत नाही. आत लोखंडी पत्रा होता, वरून पितळी मुलामा. अक्षरं कोरताना मुलामा फुटला होता, त्यामुळे गंज नेमका अध्यक्षांच्या नावात धरला होता.

"काकू, तुम्हाले माहीत होतं?" भाटव्याने विचारलं.

"चिंचेनं घासून घासून हात गेले माहे. मले नाही माहीत तं कोणाले?"

"मंग बोलल्या काहून नाही?"

"पोराच्या लग्नात माह्या बुढ्यानं भर मांडवात त्याइच्या गळ्यात हार घातला होता. आता कोणत्या तोंडानं बोलू?"

त्यानंतर पंचक्रोशीतून तशा घागरी येत राहिल्या. सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळ्यांनी हार घातले होते. घागरी लोखंडाच्या भावानं घेऊन आम्ही आवारात रास लावली.

मग समाजभवनातच अध्यक्षांचा सत्कार ठरला. मंडपाची पाहणी करत ते मागं आले.

"काय गा, मोठमोठे लोक येऊन राहिले अन् मंडपामागं हा उकिरडा? सत्कार झाला का आवार खाली पाहिजे मले."

"उकिरडा नाही जी," भाटवा म्हणाला, "तुमचीच सप्रेम भेट आहे."

अध्यक्षांनी राशीकडे पाहिलं. आपलं नाव एका जागी इतक्या वेळा त्यांनी निवडणुकीतही पाहिलं नसेल. "ताडपत्री टाक त्यावर," एवढंच बोलून ते गेले. आवार खाली करायचं मात्र कायम राहिलं.

सत्कारात समितीने त्यांना कमरेएवढी घागर दिली. ती घेतली होती अध्यक्ष ज्या दुकानातून आहेर घेतात त्याच दुकानातून. दुसरीकडून घेणं म्हणजे त्यांचा अपमान, असं समितीत सर्वानुमते ठरलं होतं. 'अध्यक्ष म्हणजे अस्सल पितळ,' असं एका वक्त्याने सांगितलं. टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी मात्र घागर हातात घेताच तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला अध्यक्षांच्या घरून निरोप आला: एकटाच ये, चुंबक घेऊन ये.

त्यांनी दार लावून घेतलं. मी चुंबक घागरीजवळ नेलं. ते हातातून सुटून गेलं आणि त्यांच्या नावावर जाऊन बसलं.

"मले? मले लोखंड देतेत?" ते खाली बसले. "काय दिलं नाही गा मी या समाजाले?"

काय दिलं होतं ते आवारात ताडपत्रीखाली होतं. पण गृहस्थाच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. इतकं निर्मळ दुःख मी पुस्तकांतही क्वचित पाहिलं आहे.

थोड्या वेळाने ते सावरले. "बाहेर बोलू नको. हे इथी शोकेसात राहीन. पण हे चुंबक काढ आधी, कोणी आलं तं पायते."

चुंबक भाटव्याचं, चांगलं जड. सहज निघणारं नव्हतं.

"घागर धरा जी," मी म्हणालो.

त्यांनी दोन्ही हातांनी घागर पोटाशी धरली.

"अन् आवाराचं काय?" मी विचारलं.

"राहू दे तुमचं."

मग मी ओढलं.