पोस्टाने आलेली पदकं

शिरगावात आनंदीला मांडी घालून बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. जेवतानासुद्धा एक गुडघा वर आणि कान अंगणाकडे. चव्वेचाळीसच्या पावसाळ्यात ब्रह्मदेशच्या आघाडीवरून तार आली, की तिचा नवरा विश्राम बेपत्ता आहे. मेला असं तारेत नव्हतं. म्हणून तिने कुंकू पुसलं नाही आणि पायातली जोडवीही काढली नाहीत. लोकांनी आधी समजावलं, मग पाठीमागे थट्टा केली, मग त्यांच्या नजरेला त्याची सवय झाली. आनंदीला मात्र तिच्या घराची सवय कधी झाली नाही. भांडी घासून झाली की पुन्हा घासायची, वाडीत केळींना पाणी लावून आली की पुन्हा बांधावर जाऊन रस्ता बघायची.

लढाई संपल्यावर तीन-चार वर्षांनी पोस्टाने पुठ्ठ्याची एक पेटी आली. आत तीन पदकं. एक पितळी रंगाचा तारा, दोन गोल, पांढरी, राजाचं डोकं असलेली. पेटी देवाजवळ ठेवावी तर माणूस गेला हे कबूल केल्यासारखं होतं, आणि फेकायला हात होईना. फडताळातून कोनाड्यात, कोनाड्यातून ट्रंकेत ती हलवत राहिली. पुढे धर्माजी गुरुजींनी वाचनालयाच्या मागच्या खोलीत छोटं संग्रहालय मांडलं. तोफेचे गोळे, जुनी नाणी, किनाऱ्याला लागलेल्या देवमाशाचं हाड. तेव्हा ती आपणहून पेटी घेऊन गेली. गुरुजींनी पदकं काचेच्या कपाटात मखमलीवर लावली, आणि खोलीची झाडलोट अन् कपाटाची किल्ली तिच्याकडेच दिली. पदकं घरातही नव्हती आणि परकीही झाली नव्हती. रोज सकाळी काच पुसताना तिला तेवढा वेळ बरं वाटायचं.

पासष्टच्या भाद्रपदात, सरहद्दीवर पुन्हा लढाई पेटलेली असताना, एका सकाळी तिने कपाट पुसायला घेतलं तर मखमलीवर तीन गडद ठसे होते आणि पदकं नव्हती. कुलूप जसंच्या तसं लागलेलं.

पालघरहून हवालदार आला. गावाने आधी तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या बांधकामावर आलेल्या परमुलखातल्या मजुरांची नावं घेतली. हवालदाराने कुलूप उलटसुलट करून पाहिलं आणि किल्ली कुठे असते ते विचारलं. चुलीमागच्या खिळ्याला, असं आनंदीने सांगितलं. आपल्याच माणसाची वस्तू घरी नेली तर त्याला कुणी चोरी म्हणत नाही, पण सांगून टाकलेलं बरं, असं तो अगदी हळू आवाजात म्हणाला. तिला ते ओरडण्यापेक्षा जास्त लागलं. रविवारी जवानांच्या मदतनिधीसाठी सभा होती, पदकं टेबलावर मांडायचं ठरलं होतं. तोवर मिळाली तर पुढे काही करायला नको, एवढंच गुरुजी बोलले.

आळ आला याचं तिला फारसं काही वाटलं नाही. पदकं दुसऱ्याच्या हातात गेली होती, म्हणजे विश्रामचं काय करायचं ते आता दुसरं कुणीतरी ठरवणार होतं. ती भीती तिला बसू देईना. तिने कणगी उपसली, अंथरुणं उसवून पाहिली, आपणच झोपेत उचलून आणली की काय म्हणून ट्रंकेचा तळही कागद काढून बघितला.

घर एकच, चुली दोन. पलीकडच्या चुलीवर धाकटी जाऊ झुंबर. दीर रामनाथ तारापूरच्या कामावर मुकादम होता, पहाटे जायचा. त्यांची सून शालू पोटुशी होती, सहावा महिना. आधीची दोन्ही मुलं याच महिन्यात पोटातच गेली होती. शालू दिवसभर भिंतीला टेकून बसायची आणि पोटावरचा हात काढायची नाही. उन्हाळ्यात भगताने सांगितलं होतं की या घरातल्या एका माणसाला बसायला जागा नाही. सगळ्यांना कळलं कोण ते. घरातलं माणूस गेलं की चांदीच्या पत्र्यावर त्याची आकृती ठोकून देवघरात बसवायची, त्याला टाक म्हणतात. विश्रामचा टाक नव्हता. आनंदी करू देत नव्हती.

पितृपंधरवडा चालू होता. शुक्रवारी ती झुंबरकडे विस्तव मागायला गेली आणि देवघरासमोर थांबली. तांब्याच्या ताम्हनात सासऱ्यांचा टाक होता, सासूचा होता, आणि त्यांच्या शेजारी लाल कापडाच्या तुकड्यावर एक सुपारी ठेवली होती. जागा धरून ठेवावी तशी.

झुंबर भाकरी थापत होती. आनंदीने विस्तव घेतला नाही.

"कुठल्या सोनाराकडे दिली?"

झुंबरचे हात थांबले नाहीत. "बोईसरला. स्टेशनाजवळ पंढरी म्हणून हाय. पालघरात आपल्याला सगळे वळखतात."

"मला विचारायचं नाय?"

"विचारलं असतं तर दिली असती का, अक्का?"

"नसती दिली."

"मंग?" झुंबरने भाकरी तव्यावर टाकली. "माझी पोर तिकडे भिताडाला टेकून बसलीय. तुमचं काय, तुमी वीस वर्षं थांबल्या, अजून थांबाल."

मग तिने सगळं सांगितलं. विश्रामचं हाड नाही, राख नाही, तेव्हा टाक त्याच्याच अंगावरच्या धातूचा हवा, असं दोघा नवराबायकोने ठरवलं होतं. गोल पदकं चांदीची दिसत होती. गौरी विसर्जनाला आनंदी समुद्रावर गेली असताना रामनाथने खिळ्यावरून किल्ली घेतली.

"त्याच्या अंगावरची?" आनंदी म्हणाली. "त्याचा हातसुद्धा लागला नाय त्यांना. ती पोस्टाने आली."

झुंबरने पहिल्यांदा वर पाहिलं. तव्यावरची भाकरी करपली तरी तिला कळलं नाही.

आनंदी एस.टी.ने पालघरला आणि तिथून गाडीने बोईसरला गेली. पंढरी सोनार तिला बघून दचकला नाही, सुटल्यासारखा उठला. ही चांदी नाही, असं त्याने लगेच सांगितलं. गोल पदकाची कड कानशीने घासून, वर तेजाब टाकून पाहिलं होतं. राजाचं डोकं आणि अक्षरं बघून त्याला घाम फुटला होता, आणि रामनाथ दुसऱ्यांदा आलाच नव्हता. पदकं त्याने वर्तमानपत्रात बांधून गल्ल्याखाली ठेवली होती. तिच्यापुढे ठेवताना म्हणाला, "घेऊन जा बाई. माझं दुकान लहान हाय."

तिने मोजली. तीन. एका गोलाच्या कडेला नखाएवढी खाच. तिने पुडी कनवटीला लावली, आणि उठायचं सोडून तिथेच उभी राहिली. शेवटच्या रजेवर आला तेव्हा विश्रामने पालघरहून जोडवी आणली होती, आधीची सैल झाली म्हणून. दुपारी पडवीत बसून त्याने स्वतः तिच्या पायात घातली होती आणि सासू खोकली तसा उडी मारून उठला होता. त्याचा हात लागलेली घरात तेवढीच वस्तू उरली होती.

ती दुकानाच्या पायरीवर बसली. जोडवं बोटात रुतलं होतं, तेल लावूनही निघेना. शेवटी पंढरीने ते कातरलं. खाली पांढरीफटक, मऊ कातडी निघाली.

"एकात होईल ना टाक?"

"होईल. बारीक होईल पण."

"बारीकच होता तो," आनंदी म्हणाली.

दुसरं काढू का, असं त्याने विचारलं. तिने पाय लुगड्याखाली ओढून घेतला. टाक दीर संध्याकाळी कामावरून जाताना नेईल, त्याला एवढंच सांगायचं की वहिनीने दिलं, असं म्हणून ती निघाली.

त्याच दुपारी तिने पदकं गुरुजींच्या टेबलावर ठेवली. हवालदारही होता. सभेसाठी लख्ख करावी म्हणून आपण घरी नेली होती, चिंच लावून घासताना एक पाट्यावर आपटलं, भीतीने आधी बोललो नाही, असं तिने एका दमात सांगितलं. हवालदार हसला आणि त्याने वही मिटली. गुरुजींनी पदकं एकेक उचलून पाहिली. काळवंडलेलीच होती. चिंचेचा हात लागलेलं पितळ कसं दिसतं ते कुणाला सांगायची गरज नसते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग खाचेची कड खाली येईल असं ते पदक मखमलीवर लावलं.

"किल्ली मात्र मला परत घ्यावी लागेल, आनंदीबाई. वाचनालयाच्या मंडळाला काहीतरी सांगायला हवं."

तिने किल्ली ठेवली. झाडलोटीलाही दुसरी बाई लागली.

सर्वपित्रीला सुपारीच्या जागी टाक बसला. करंगळीच्या नखापेक्षा थोडा मोठा. रामनाथने नमस्कार केला, तिच्याकडे मान वर करून बघितलं नाही. शालूने त्या दिवशी भिंत सोडली आणि पानावर बसून दोनदा भात मागून घेतला. झुंबर वाढत होती. वाढता वाढता तिची नजर आनंदीच्या पायांवर गेली आणि वरण पानाबाहेर सांडलं.

पुढे गावातल्या बायकांनी विचारलंच. एका पायात आहे, एका पायात नाही, हे काय? ठेवायचं तर दोन्ही ठेव, काढायचं तर दोन्ही काढ. आनंदी पाण्याची कळशी कमरेवर घेऊन चालत राहायची, दर दुसऱ्या पावलाला फरशीवर एक टक् वाजायचं.

"दुसरं निघत नाय," ती म्हणायची, आणि बांधाकडे वळायची.