थोडं चढवा, काका!

आधी तुमचे कप खाली ठेवा. हे ऐकताना चहा सांडला तर म्हणाल, ऋतुजामुळे, म्हणजे माझ्यामुळे झालं. तसंही आमच्या ग्रुपमध्ये हल्ली माइक बंद पडला, समोसे गार आले, काहीही झालं तरी ते ऋतुजामुळेच झालेलं असतं. ठाण्यातल्या वर्तकनगरच्या त्या हॉलनंतर ही प्रथाच पडलीये.

त्याचं असं झालं, कळव्यापासून कल्याणपर्यंत आमच्यासारख्या छोट्या छोट्या संस्था आहेत. गे, लेस्बियन, ट्रान्स मंडळींसाठी काम करणाऱ्या, आणि आम्ही स्वतःच ती मंडळी! उत्साह म्हणाल तर पोत्याने. शिस्तीची मात्र बोंब. मीटिंग चारला म्हटलं की लोक चारला आंघोळीला जातात. कॉलेजात बोलायचं असलं की सगळे वक्ते. पोलीस चौकीत बोलायचं असलं की सगळ्यांचा घसा बसलेला. म्हणून ठरलं, सगळ्यांनी मिळून दोन दिवसांचं नेतृत्व प्रशिक्षण शिबिर घ्यायचं.

हॉल कोण शोधणार? मीच हात वर केलेला. माझा हात डोक्याला न विचारता वर जातो.

पहिल्या हॉलवाल्यांनी कोणासाठी हवाय ते ऐकलं आणि म्हणाले, त्या दिवशी रंगकाम आहे. मी दुसरी तारीख दिली. त्याही दिवशी रंगकाम! अहो, अजिंठ्याची लेणी रंगवताय का? दुसरे म्हणाले, कळवतो. ते अजून कळवतायत. शेवटी वर्तकनगरच्या एका सोसायटीचा हॉल मिळाला, तोही नुसत्या फोनवर. कशासाठी? नेतृत्व प्रशिक्षण. कोणाचं, हे त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. विमा एजंट समजले असावेत. हा हॉल गेला असता तर शिबिरच गेलं असतं. कोणी रजा टाकून आलेलं, कोणी घरी मित्राच्या लग्नाची थाप मारून आलेलं. त्यांना घेऊन काय फुटपाथवर बसणार?

शिकवायला देवयानीताई. कल्याणच्या. साठी ओलांडलेल्या ट्रान्स बाई, आमच्यातल्या अनेकांच्या जन्माआधीपासून हे काम करतायत. आता खरं सांगू? मला मोठ्या माणसांचा जाम कंटाळा आहे. सल्ला सुरू झाला की माझे पाय आपोआप दाराकडे वळतात. ताई आल्या त्या सुती साडीत, खांद्याला कापडी पिशवी, ना लॅपटॉप ना काही. मी कळव्याच्या निखिलला म्हटलं, "घे आता! दोन दिवस 'आमच्या वेळी' ऐक."

आणि ताई बोलायला लागल्या.

आवाज इतका हळू की आम्ही सगळे आपोआप पुढे सरकलो. पहिल्यांदा एका मुलाला सोडवायला चौकीत गेल्या तेव्हाचं सांगत होत्या. "गुडघे असे लटपटत होते की उभं राहवेना. म्हणून न विचारता साहेबाच्या समोरच्या खुर्चीत बसले. त्याला वाटलं, बाई भलतीच पोचलेली दिसते! पोरगं पाच मिनिटांत माझ्या हवाली."

आम्ही हसलो. कोणीतरी उठून पंखा बंद केला, त्याच्या खडखडाटात एखादा शब्द निसटायला नको म्हणून. मे महिन्यात! ठाण्यात! घामाच्या धारा लागलेल्या आणि एक माणूस हलेल तर शपथ. मी तोंड उघडं टाकून बघत बसलेले. निखिलने ते बोटाने मिटलं.

दुपारी ताई म्हणाल्या, "चहानंतर एक गृहस्थ येतील. माझ्या ओळखीचे नट आहेत, माझ्याच वयाचे. ते तुम्हाला विरोध करतील. तुम्ही ते खरेच आहेत असं समजून उत्तर द्यायचं. आधी ऐकायचं. माणूस बोलतो एक, भीती असते दुसरीच, ती शोधायची. कोण पुढे होणार?"

माझा हात. आणखी कोणाचा?

चहा झाला. हॉलमध्ये मोबाइलला रेंज नव्हती, म्हणून ताई फोन करायला खाली गेल्या. आणि दारात एक गृहस्थ उभे राहिले. अर्ध्या बाह्यांचा चौकड्यांचा शर्ट, खिशाला पेन, चष्मा दोरीने गळ्यात. काय मेकअप! हुबेहूब सोसायटीचे सेक्रेटरी!

"इथलं कोण बघतंय?"

"मी, काका. या ना!"

"अहो, जिन्यात चपलांचा ढीग पडलाय. वर जायला वाट नाही."

मी मनातल्या मनात टाळी वाजवली. याला म्हणतात अभिनय! थेट विषयावर यायचंच नाही. आपले काकालोक अगदी असेच, आधी चपला, मग पार्किंग, आणि शेवटी संस्कृती. मी ताईंसारखा आवाज खाली आणला.

"काका, मी ऐकतेय. तुम्हाला त्रास झाला, हे मला कळतंय."

"मग उचला ना चपला."

"पण काका, खरी भीती चपलांची नाहीये ना?"

काका गोंधळले. "चपलांचीच आहे. तिसऱ्या मजल्यावर म्हातारी माणसं आहेत. घसरून पडतील."

"मनात आहे ते बोला. मोकळेपणाने बोला."

"मनात चपलाच आहेत हो!"

पोरं खिदळायला लागली. मला चेव चढला. म्हटलं, हे गृहस्थ काम चांगलं करतात, पण फार सौम्य. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. हो, खांद्यावर!

"काका, सुरुवात बेस्ट होती. पण आता थोडं चढवा. फार मिळमिळीत होतंय. खरे सेक्रेटरी असे नसतात."

"असे नसतात? मग कसे असतात?"

"असे!" मी कमरेवर हात ठेवून, मान ताठ करून दाखवलं. "ही सभ्य लोकांची सोसायटी आहे! आमच्या मुलाबाळांवर काय परिणाम होईल? असली थेरं इथे चालणार नाहीत! उद्यापासून हॉल बंद! असं दरडावून बोलायचं. काय?"

"असली म्हणजे कसली थेरं?" काकांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "तुम्ही विम्याचे लोक ना?"

"हां, आता कसे लायनीवर आलात!" आणि मग मी जे भाषण ठोकलं! आम्ही कोण, कोणावर प्रेम करतो, का करतो, आमच्या घरचे कसे अजून स्थळं आणतात, आणि कोणत्याही काकांच्या परवानगीवाचून आम्ही कसे जगणार आहोत. टाळ्या! शिट्ट्या! कोपर गावच्या संस्थेतल्या पोरी तर बाकावर चढल्या. काका सगळ्यांकडे एकदा बघून म्हणाले, "मी विचार करून येतो."

"या, या! दुसरा अंक जोरात होऊ द्या!"

ते गेले. त्यांच्या पाठोपाठ ताई आल्या, फोन पिशवीत टाकत.

"पोरांनो, आपले नट आज काही येत नाहीत. कंबर धरलीये त्यांची, बिचारे पलंगावरून हलत नाहीत. आता उद्याच."

पंखा बंदच होता. तरी मला थंडी वाजायला लागली.

"ऋतुजा," निखिल म्हणाला, "मग तू खांद्यावर हात कोणाच्या ठेवलेलास?"

मी ताईंना सगळं सांगितलं. म्हणजे अर्धं मी आणि अर्धं निखिलने, अभिनयासकट. मला वाटलं, ताई आता फाडून खाणार. त्यांनी फक्त विचारलं, "ते काय म्हणत आले होते?"

"चपला."

"मग चला."

आणि ती बाई पदर खोचून जिन्यात बसली! एकेक जोड उचलून भिंतीकडेने लावायला लागली. आम्ही सगळे धावलो. जिना असा लख्ख झाला की वरून रुखवत नेलं असतं.

तेवढ्यात काका परत आले. आता ते खरे होते, सोसायटीचे सेक्रेटरी कर्णिक काका. मागे काकूही होत्या, तमाशा बघायला.

"बाई," काका ताईंना म्हणाले, "उद्यापासून हॉल बंद. ह्या मुलीनेच सांगितलं, खरा सेक्रेटरी हॉल बंद करतो. मी मिळमिळीत नाही."

"लग्नापासून मी हेच सांगतेय, तर कधी ऐकलं नाहीत," काकू म्हणाल्या. "तिने एकदा सांगितलं तर लागलं!"

मी काहीतरी बोलायला गेले. काय गंमत बघा, दहा मिनिटांपूर्वी धबधब्यासारखी वाहणारी मी, माझ्या तोंडून "अं" सुद्धा निघेना. समोर खरा माणूस होता ना आता! मागे घरी थापा मारून आलेली सगळी पोरं माझ्याकडे बघत होती.

ताई पुढे झाल्या. "कर्णिकसाहेब, तुम्ही चपलांचं सांगायला आलात आणि आम्ही ते ऐकलंच नाही. चूक आमची. जिना बघून घ्या."

काकांनी वाकून जिना बघितला. जरा विरघळले. "चपलांचं ठीक आहे. पण हे बाकीचं... मला ह्यातलं काही कळत नाही."

"कळेल हळूहळू. नाही कळलं तर मला विचारा. तोवर पोरांना बसायला जागा असू द्या."

"एवढ्या उन्हात, या वयात तुम्ही कशाला हा व्याप करता?"

"मी काय यांना जन्मभर पुरणार आहे? माझ्यामागे कोणीतरी उभं राहायला नको?" ताईंनी आमच्याकडे बघितलं. "तेच तयार करतेय. कच्चा माल आहे अजून."

काकांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. मग एक सुस्कारा सोडून म्हणाले, "आमच्याकडेही माझ्यामागे सेक्रेटरी व्हायला कुत्रं तयार नाही हो."

आणि ते खुर्ची ओढून बसले! खरंच! ताई आणि ते, दोघं अर्धा तास, माणसं कामाला कशी लावायची यावर! ना आवाज चढवला, ना भाषण. मी भिंतीला टेकून नुसती बघत राहिले. सकाळी ऐकलं होतं, आता डोळ्यांसमोर घडत होतं.

उठताना काका म्हणाले, "उद्या या. अट एकच. ह्या मुलीने मला काही शिकवायचं नाही."

म्हणून दुसऱ्या दिवशी, नेतृत्व प्रशिक्षणाच्या समारोपाला, माझी नेमणूक कुठे झाली? जिन्यात. चपलांवर.

मी जोड लावत बसलेले. एवढ्यात पायऱ्यांवर आवाज गडगडला, "काय चाललंय हे? ही सभ्य लोकांची सोसायटी आहे!" बघते तर एक धिप्पाड गृहस्थ, डोळे लाल, एक हात कमरेवर.

माझी काय बिशाद! मी दोन्ही हात जोडले. "अगदी बरोबर आहे, काका."

"असली थेरं चालणार नाहीत!"

"नाही चालणार, काका. सॉरी, काका. मी आवरायला सांगते सगळ्यांना."

गृहस्थ जरा गडबडले. "अगं, काहीतरी बोल ना!"

तेवढ्यात जिना तपासायला आलेले कर्णिक काका खालून वर आले. दोन पायऱ्या चढून, छाती काढून, त्या धिप्पाड माणसासमोर उभे राहिले. "कोण हो तुम्ही? इथला सेक्रेटरी मी आहे! हॉल मी दिलाय! ही आमची पाहुणी मंडळी आहेत. त्यांना कोणाला काही बोलायचं असेल तर आधी माझ्याशी बोलायचं! चला, व्हा खाली!"

दारात सगळं शिबिर गोळा झालेलं. मग ताई हसत पुढे आल्या आणि धिप्पाड गृहस्थांना म्हणाल्या, "या या, कंबर कशी आहे?"

नट! कंबर बरी झालेले नट!

म्हणजे हिशेब बघा. खऱ्या सेक्रेटरीला मी अभिनय शिकवला आणि खोट्याला शरण गेले. अख्ख्या शिबिरात विरोध हाताळण्याच्या परीक्षेत पास झाला तो एकच माणूस, आणि त्याने शिबिरात नावही नोंदवलेलं नव्हतं.

नट भारावून गेलेले. कर्णिक काकांचा हात धरून म्हणाले, "वा! काय जोर आहे तुमच्या कामात! कुठे शिकलात?"

काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात कोणाची तरी एकच चप्पल होती.

"काल आलो होतो ह्यांच्याकडे," काका म्हणाले. "थोडं चढवा म्हणाल्या."