चाकणच्या वर्गातलं 'टेक इन'

पुण्याहून सकाळच्या एसटीने निघालो तेव्हा मन थाऱ्यावर नव्हतं. आमच्या शाळेत इंग्रजीच्या मुख्य शिक्षकाची जागा रिकामी होती. ती मलाच मिळणार असं मी धरून चाललो होतो. पण कुणीतरी चाकणच्या माधवचं नाव सुचवलं आणि त्याचा तास पाहून अभिप्राय देण्याचं काम हेडमास्तरांनी नेमकं माझ्यावर टाकलं. माधव माझा कॉलेजातला सोबती. बी.ए.ला गुणांत माझ्या बराच खाली होता.

भोसरीची माळरानं मागे पडली. मोशीला इंद्रायणीच्या अलीकडे चाक पंक्चर झालं. खाली उतरून बसलो, तर शेजारी बसलेल्या चाकणच्या शेतकऱ्याने भाकरी नि तिच्याबरोबरचं कोरड्यास पुढे केलं. कुणाकडे निघालोय ते सांगितल्यावर म्हणाला, "आमची हौसा त्यांच्याच वर्गात हाय. लई जीव लावत्यात मास्तर." मी अर्धी भाकरी तशीच परत केली.

चाकणला कांद्याच्या बाजारातून वाट काढत शाळा गाठली आणि शेवटच्या बाकावर बसलो. माधवने फळ्यावर धड्यातलं वाक्य लिहिलं होतं, 'ही टुक इन द लेटर, बट कुड नॉट टेक इट इन.' म्हाताऱ्याचा मुलगा लढाईत मारला गेल्याचं ते पत्र. मी असतो तर 'टेक इन'चे 'आत घेणं' आणि 'उमजणं' हे दोन अर्थ वहीत उतरवून घेतले असते. माधवने आधी विचारलं, 'मी बोलून बसलो' यात बसतं कोण? 'खाऊन टाकलं' यात काय टाकलं? मुलं हसली. इंग्रजीतही जोडीचा शब्द असाच अर्थ फिरवतो, म्हणून कोश उघडण्याआधी त्या म्हाताऱ्याकडे बघा, असं त्याने सांगितलं.

एक उंच मुलगी उठली. "बोल, हौसा," माधव म्हणाला.

"चिट्टी त्यानं घरात घेतली, पर काळजात काय शिरंना."

वर्ग गप्प झाला. अकरा वर्षांत माझा एकही वर्ग असा गप्प झाला नव्हता. त्या क्षणी मला माधवचा राग आला.

चहा पिताना त्याने बिचकतच विचारलं, "खरं सांग, कसा झाला तास? जागा मिळाली तर आईला दवाखाना जवळ पडेल रे."

"बरा झाला," मी म्हणालो.

परतीच्या गाडीत अभिप्राय लिहिला : शिकवण्याची पद्धत उत्तम. मात्र वर्गात ग्रामीण बोली फार चालते. दोन्ही वाक्यं खरी होती. हेडमास्तरांनी दुसरं तेवढं मोठ्याने वाचलं आणि कागद बाजूला सारला. पहिलंही बघा, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं नाही.

जागा मला मिळाली. चाकण कसं आहे, असं कुणी विचारलं तर मी तिथल्या किल्ल्याचं, बाजाराचं भरभरून सांगतो. शाळेचं कुणी विचारत नाही, आणि मीही तो विषय काढत नाही.