मास्तरांचा उजवीकडचा घोडा

कात्री हातात घेतली की आमचे शिंपीमास्तर महाभित्रे. पुन्हा पुन्हा माप घेतल्याशिवाय साधा रुमालही कापायचे नाहीत. पण हाच गृहस्थ बुद्धिबळाला बसला की अंगात वारं शिरायचं. डाव सुरू होतो न होतो तोच प्यादं देऊन टाकायचं, मग उजवीकडचा घोडा मारायला ठेवून खुशाल किल्लेकोट करून राजा कोपऱ्यात दडवायचा आणि समोरच्यावर तुटून पडायचं! ही सुरुवात म्हणजे दोरीवरची कसरत. एक खेळी विसरली की आपलाच कपाळमोक्ष. मास्तरांना ती झोपेतही पाठ.

मध्यंतरी मात्र त्यांनी एका वकिलाच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. आम्ही पोट धरधरून हसलो. मास्तरीणबाई हसल्या नाहीत.

"अहो, काल दुकानातून येताना घर चुकलात. डॉक्टरांकडे चला."

"रविवारच्या बुद्धिबळ स्पर्धेत माझी सुरुवात बिनचूक खेळलो, तर डॉक्टरचं नाव काढायचं नाही. विसरलो, तर तू म्हणशील तिथं येतो."

स्पर्धेच्या शेवटच्या फेरीत गाठ पडली दवाखान्यातल्या कंपाउंडरशी. मास्तरांचा जन्माचा दोस्त. त्याने आयुष्यात कधी डाव बरोबरीत सोडला नव्हता, आणि जिभेला कधी सुट्टी दिली नव्हती.

"मास्तर, आज तरी घोडा घरी बांधून यायचा!"

"तू तुझा राजा सांभाळ. पुड्या बांधण्याइतकं सोपं नाही ते."

प्यादं गेलं, किल्लेकोट झाला, घोडा गेला. खेळ्या धडाधड पडू लागल्या. मागच्या रांगेत मांडीवर पिशवी घेऊन बसलेल्या मास्तरीणबाईंना पटातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्या फक्त नवऱ्याचा चेहरा वाचत होत्या. मास्तरांनी त्यांच्याकडे बघून ऐटीत भुवया उडवल्या.

कंपाउंडरचा राजा उघडा पडला. मास्तरांनी हात उचलला, आणि तो पटावर नुसताच फिरत राहिला. त्यांनी टेबलाखाली वाकून पाहिलं.

"माझा उजवीकडचा घोडा कुठं गेला रे?"

घोडा कंपाउंडरच्या कोपराशी पडला होता. मी डोळे मिटून घेतले. आता हा मास्तरांची सालं काढणार!

कंपाउंडरने हळूच घोड्यावर पंजा ठेवला.

"मास्तर," तो खाली बघत म्हणाला, "बरोबरी करू या?"

मास्तर त्याच्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी हात मिळवला, उठले आणि मागच्या रांगेपाशी गेले.

"चल."

"कुठं?"

"तू म्हणशील तिथं."