हलूमी वितळलं तर?

आमच्या युनिटमध्ये चीज कमी आणि किस्से जास्त तयार होतात. किस्से फ्रीजमध्ये ठेवावे लागत नाहीत, लाइट गेली तरी टिकतात, म्हणून साठत गेले. ऐका.

युनिट म्हणजे तिसगावात आमच्या घरामागची पत्र्याची खोली. तिथं मी आणि माझी मोठी जाऊ सुमनताई शेळीच्या दुधाचं हलूमी करतो. हे मूळचं सायप्रस बेटावरचं चीज. तिथले लोक ते जाळावर भाजून खातात. भाजलं तरी वितळत नाही, हाच त्याचा मोठेपणा!

पुण्यातल्या एका हॉटेलच्या शेफनी 'तुमचं हलूमी घ्यायचं का, ते येऊन बघतो' म्हणून कळवलं आणि माझी झोप उडाली. त्यांनी नापास केलं तर खोलीला कुलूप लागणार. शेजारच्यांनी माझ्या शब्दावर शेळ्या वाढवल्या होत्या, त्यांना कुठल्या तोंडानं सांगू?

*

पहिलं हलूमी मी मोठ्या थाटात सगळ्यांसमोर तव्यावर टाकलं. बघता बघता ते तवाभर पसरलं. वड्या पाडल्यावर त्या दूध फाटून निघालेल्या पाण्यातच उकळायच्या असतात, म्हणजे मग वितळत नाहीत. नेमकं तेच मी विसरले होते!

माझे सासरे, आबा, चष्मा वर करून तव्यावर वाकले. मग म्हणाले, "सूनबाई, ह्ये भाजायचं हाय, का भितीला सारवायचं?"

*

सुमनताई सगळं काम करतात, पण दुधात रेनेट घालत नाहीत. रेनेट घातलं की दूध फाटतं, आणि चांगलं दूध आपल्या हातानं नासवणं म्हणजे घराला अपशकुन, असं त्यांचं ठाम मत!

एकदा मी गॅस सिलिंडर आणायला गेले आणि तिकडंच अडकले. इकडं दूध तापून तयार. मी घाबरून फोन केला, "ताई, आजच्या दिवस तुम्ही घाला ना!"

"घातलं की," त्या शांतपणे म्हणाल्या.

"तुम्ही?"

"मी कशाला? लाइटचं मीटर बघायला मानूस आल्ता, त्याला बाटली दिली. त्याला कसला दोष लागतोय, त्यो सरकारी हाय!"

त्या सरकारी माणसानं अख्खी बाटली ओतली होती. त्या दिवशीचं हलूमी इतकं कडू झालं, की शेळ्यांनीही तोंड फिरवलं.

*

हलूमी चावताना दाताखाली चुंई चुंई वाजतं. चांगलं झाल्याची ती खूण. हे सगळ्यांना सांगितलं, आबांना सांगायचं राहिलं.

आबांनी दोन तुकडे खाल्ले, तडक उठले आणि एसटीनं पाथर्डीला गेले. दुपारी परत आले ते दातांच्या डॉक्टरवर चिडूनच. "कवळी घासून दिली, तरी वाजतीयाच!"

*

शेफची तारीख जवळ आली तसा माझा धीर सुटायला लागला. रोज सकाळी उठून एक तुकडा तव्यावर टाकून बघायचा, वितळतोय का! वितळला नाही तरी धाकधूक, उद्या वितळला तर? घरात रोज तेच खाणं. शेवटी नवऱ्यानं हात जोडले, "शेफ पास करोत नाहीतर नापास करोत, पण आज पिठलं कर!"

*

आणि शेफ आले. उन्हाळ्यानं शेळ्या आटल्या होत्या. मनासारखी जमलेली एकच मोठी वडी फ्रीजमध्ये जपून ठेवली होती. भीतीनं मी अखंड बोलत होते, पातेली दाखवत होते, थर्मामीटर दाखवत होते. शेफ नुसते मान हलवत होते. मग म्हणाले, "चला, भाजून दाखवा."

मी फ्रीजमधला डबा उघडला. रिकामा!

"ताई!"

सुमनताई मागच्या दारातून आल्या. "अगं, पाव्हन्यांचा डायवर उन्हात गाडीत बसून हुता. दारात आलेला मानूस उपाशी ठेवायचा व्हय? चुलीवर भाजून दिलं भाकरीसंगं."

"सगळं?"

"त्यो मागत गेला, मी वाढत गेले!"

शेफ तडक मागच्या अंगणात गेले. लिंबाखाली ड्रायव्हर जेवत होता. साहेबांना बघून तो भरल्या तोंडानं उभा राहिला. ताटात कडेनं खरपूस झालेला एकच तुकडा उरला होता. शेफनी तो उचलला, तोंडात टाकला आणि कितीतरी वेळ चावत राहिले.

"ताई, मलाही वाढा," ते म्हणाले.

"संपलं की!" सुमनताईंनी बिनदिक्कत सांगितलं. "बुधवारी दूध जमंल, तवा या."

आता धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं मला झालं. शेफनी हात धुतले आणि गाडीत जाऊन बसले. काच खाली होती, म्हणून ऐकू आलं.

"बुधवारी सकाळी लवकर निघायचं," ते ड्रायव्हरला म्हणाले. "आणि तू घरून पोटभर जेवून ये!"