मशाल धरणारा

परतूरच्या तालुका क्रीडास्पर्धेत दरवर्षी तोच माणूस पेटती मशाल धरून उन्हात उभा असतो. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. पाहुणे आल्याशिवाय खेळ सुरू होत नाहीत आणि पाहुणे वेळेवर येत नाहीत. मशाल विझत आली की तो चिंधीला तेल पाजतो, हात बदलतो. तोवर मी मांडवातून माइकवर ऑलिम्पिकचा इतिहास सांगतो: ग्रीसमध्ये पेटवलेली ज्योत हजारो हातांतून कशी पुढे जाते वगैरे.

यंदा तो म्हणाला, "बराबर हाय सर, पण तिकडं हजार हात. इथं सकाळपासून माझाच हात भरून येऊन राह्यला."

मी हसलो. पाहुणे आले, मशालीसोबत फोटो काढला आणि भाषणासाठी ती परत त्याच्याच हातात दिली.

टाळ्या वाजवायला मीच सांगितलं.